तेल गेलें, तूप गेलें

रक्त तपासून घ्यावयाचें तर हिंगोलीकडील माणसास पूर्वीं नांदेडची किंवा परभणीची वाट धरावी लागे. आतां तालुक्याच्या गांवींही ती सोय झाली आहे. सकाळीं उपाशीं पोटीं रक्त द्यावें आणि सायंकाळीं छापील कागद हातीं घ्यावा, इतकें तें सोपें झालें. त्या कागदावर कोलेस्टेरॉल या नांवापुढें एखादा आंकडा ठळक अक्षरांत दिसला, कीं त्याच दिवसापासून घरांतील स्वयंपाकाची रीत बदलते. फोडणी नांवापुरती उरते, शेंगदाण्याची चटणी वर्ज्य होते, जवसाची पूड डब्यांतच राहते आणि तूप देवापुढच्या निरांजनापुरतें शिल्लक राहतें. तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासलें जातें. कोलेस्टेरॉलचा आंकडा थोडासा उतरलेला असतो. परंतु पुष्कळदां त्याच कागदावरील दुसरा एक आंकडा वर चढलेला असतो, आणि जो तिसरा चढावयास हवा होता तो खालीं आलेला असतो. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच खरी होत असेल. ती कां खरी होते, हें समजण्यासाठीं त्या कागदावरील आंकड्यांचा अर्थच प्रथम पाहिला पाहिजे.

कोलेस्टेरॉल हें विष नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत तें असतें. पित्ताम्लें, ड जीवनसत्त्व आणि कित्येक अंतःस्राव त्यापासूनच तयार होतात. पित्ताशयांतील खड्यांत सांपडणाऱ्या या मेणासारख्या पदार्थास शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ग्रीक भाषेंतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून नांव दिलें. शरीरास लागणारें बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवितें, आणि त्या कामांत यकृताचा वांटा मोठा असतो. अन्नांतून येणारा भाग त्या मानानें लहान, आणि तोही दूध, तूप, अंडीं, मांस अशा प्राणिज अन्नांतूनच येणारा. शेंगदाणा, करडई, तीळ, सोयाबीन यांच्या तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेंच. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें तें खोटें नव्हे; परंतु मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ असें छापण्याहून त्यांत अधिक अर्थ नाहीं.

खाल्लेलें कोलेस्टेरॉल तसेंच रक्तांत जाऊन सांचतें, ही समजूत मुख्यतः सशांपासून निघाली. १९१३ सालीं रशियांत अनिच्कोव्ह यानें सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर उत्पन्न करून दाखविले. प्रयोग मोठा महत्त्वाचा होता. पण ससा हा केवळ पाल्यावर जगणारा प्राणी, त्याच्या देहास या पदार्थाची संवयच नाहीं. माणसाचें यकृत बाहेरून अधिक कोलेस्टेरॉल आलें म्हणजे बहुधा आपलें उत्पादन आंखडतें घेतें. दिवसास ३०० मिलिग्रॅमांहून अधिक कोलेस्टेरॉल खाऊं नये, हा अमेरिकेंतील सरकारी आहारसूचनांतील जुना आंकडा २०१५ ते २०२० या काळासाठीं निघालेल्या सूचनांतून गळाला, तो याच कारणानें. खरा परिणाम घडवितो तो अन्नांतील मेद, आणि तोही आपल्या जातीप्रमाणें.

कोलेस्टेरॉल पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून रक्तांतून त्याची ने-आण सूक्ष्म कणांतून होते. या कणांस नावा म्हणावें. एल.डी.एल. नांवाच्या नावा यकृताकडून येणारें कोलेस्टेरॉल शरीरभर वाहून नेतात. त्या फार झाल्या म्हणजे रोहिण्यांच्या अस्तरांत शिरून तेथें रुततात, आणि हृदयविकाराचा आरंभ तेथें होतो. एच.डी.एल. नांवाच्या नावा उलट दिशेनें, यकृताकडे, कोलेस्टेरॉल परत नेतात. ट्रायग्लिसराईड हा तिसरा आंकडा कोलेस्टेरॉलचा नव्हेच. तो रक्तांत फिरणाऱ्या मेदाचा. एच.डी.एल. औषधानें वाढवून हृदयविकार टळत नाहीं, असें या शतकांतील प्रयोगांनीं दाखविलें आहे. तरीपण तें कमी असणें आणि त्याच वेळीं ट्रायग्लिसराईड अधिक असणें, ही जोडी शरीराचा अन्नव्यवहार बिघडल्याची खूण होय, आणि मधुमेह बहुधा तिच्या मागोमाग येतो. तपासणीच्या कागदावरील एल.डी.एल.चा आंकडा पुष्कळ ठिकाणीं प्रत्यक्ष मोजलेला नसून १९७२ सालच्या एका सूत्रानें काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराईडचा पांचवा भाग वजा केला म्हणजे तो निघतो. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेलें, कीं हें गणित विश्वसनीय राहत नाहीं. ज्या घरांत केवळ ‘टोटल’ आंकडा पाहून तेलाची बरणी फडताळांत जाते, त्या घरांत हें गणित एकदां कोणीतरी समजावून सांगणें अगत्याचें आहे.

संपृक्त मेद म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत विशेष असणारा, थंडींत गोठणारा मेद. तो खाल्ल्यानें एल.डी.एल. वाढतें तें कसें, याचा उलगडा मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघां अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांच्या शोधानंतर झाला. त्या शोधासाठीं १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यकृताच्या पेशींवर एल.डी.एल. आंत ओढून घेणारीं जणूं दारें असतात. तीं पुष्कळ असलीं तर रक्त लवकर स्वच्छ होतें. संपृक्त मेदाच्या आहारानें हीं दारें कमी होतात, नावा रक्तांतच रेंगाळतात आणि आंकडा चढतो. करडई, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलांतील बहुअसंपृक्त मेद उलट परिणाम करतो.

१९५० नंतरच्या दशकांत मिनेसोटा येथें अँसेल कीज यानें माणसांना मोजून-मापून अन्न देऊन हा हिशेब बसविला. संपृक्त मेद कोलेस्टेरॉल जेवढें चढवितो, त्याच्या सुमारें निम्म्यानें बहुअसंपृक्त मेद तें उतरवितो, असें त्याचें सूत्र होतें. पुढें डच संशोधक मेन्सिंक यानें अनेक प्रयोग एकत्र करून जे आंकडे काढले, ते घरगुती मापांत असे मांडतां येतील. रोज २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानें सुमारें चार चहाचे चमचे तूप वगळलें, तर त्याच्या आहारांतील सुमारें ११ ग्रॅम संपृक्त मेद, म्हणजे पांच टक्के ऊर्जा, कमी होते. तेवढ्याच ऊर्जेचा बहुअसंपृक्त मेद त्या जागीं घातला तर डेसिलिटरमागें एल.डी.एल. सुमारें १० मिलिग्रॅमांनीं उतरतें. त्या जागीं भात, साखर, मैदा असें पिष्ट घातलें तर तें सुमारें ६ मिलिग्रॅमांनींच उतरतें, आणि त्याबरोबर एच.डी.एल. थोडें खालीं व ट्रायग्लिसराईड थोडें वर जातें. कमी-मेदाच्या आहाराची सारी गोष्ट या दोन वाक्यांतील फरकांत आहे. पोट रिकामें राहत नाहीं. जें काढलें त्याच्या जागीं कांहींतरी येतेंच.

ही साधी गोष्ट मोठमोठ्या देशांच्याही ध्यानांत उशिरां आली. १९६१ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें मेदाची जात बदलण्याचा सल्ला दिला. १९७७ सालीं तेथील सिनेटच्या समितीनें एकूण मेदच कमी करावा असें सुचविलें, आणि कारखानदारांनीं संधि साधून मेद काढलेलीं पण साखरेनें भरलेलीं बिस्किटें बाजारांत आणलीं. या आहाराची सर्वांत मोठी कसोटी अमेरिकेंतील ४८,८३५ प्रौढ स्त्रियांवर झाली. त्यांपैकीं एका गटास मेद ऊर्जेच्या २० टक्क्यांपर्यंत उतरविण्यास आणि भाज्या, फळें, धान्यें वाढविण्यास शिकविलें. आठ वर्षांनंतर, २००६ सालीं, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एल.डी.एल. दुसऱ्या गटापेक्षां अवघें साडेतीन मिलिग्रॅमांनीं कमी भरलें, आणि हृदयविकारांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. त्या स्त्रियांनीं चांगला मेद आणि वाईट मेद दोन्ही सारखेच सोडले होते, हें त्याचें एक मोठें कारण मानलें जातें. याच्या उलट टोंकाचें उदाहरण डीन ऑर्निश याचें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत मेद १० टक्क्यांवर आणला होता आणि एल.डी.एल. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरलें. पण तेथें रुग्ण थोडे होते, आहार पूर्ण शाकाहारी होता, आणि त्याबरोबर व्यायाम, धूम्रपानत्याग, ध्यान असें सारेंच बदललें होतें. शिवाय तो आहार वर्षानुवर्षें पाळणें ही तपश्चर्याच होय.

आतां महाराष्ट्राकडे वळावें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह-पाहणीच्या पहिल्या टप्प्यांत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांचें रक्त तपासलें गेलें. त्याचे आंकडे २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. एल.डी.एल. वाढलेले लोक शेंकडा १२ च्या आसपास निघाले. ट्रायग्लिसराईड वाढलेले शेंकडा सुमारें ३०, आणि एच.डी.एल. कमी असलेले शेंकडा ७२. म्हणजे ज्या दोन आंकड्यांना कमी मेदाचा आणि अधिक पिष्टाचा आहार बिघडवितो, तेच दोन येथें आधींपासून बिघडलेले आहेत. याच परिषदेच्या नंतरच्या पाहणींत भारतीय आहारांतील ऊर्जेचा सुमारें ६२ टक्के भाग पिष्ट आणि साखर यांतून येतो असें आढळलें. अशा ताटांतून आणखी तेल काढून त्या जागीं आणखी भात वाढणें, हें तहान लागलेल्यास मीठ देण्यासारखें आहे.

माणूस सडपातळ असला म्हणजे या भयापासून मुक्त, असेंही नाहीं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिनांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. दिसावयास कृश आणि आंतून मेदयुक्त, असा हा भारतीय देह. अशा देहांत पोटाभोंवतीं आणि यकृतांत मेद लवकर सांचतो, आणि गरजेहून अधिक आलेल्या पिष्टाचें ट्रायग्लिसराईड बनवून यकृत तें रक्तांत सोडतें. तेलाचा थेंब न घेतां रक्तांतील मेद वाढतो तो असा.

हिंगोलीकडील जुनें ताट मुळांत मेदानें जड नव्हतेंच. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठांत मेद दोन ग्रॅमांच्या आसपास. भाकरी, तुरीचें वरण, आंबाडीची किंवा करडईच्या कोंवळ्या पाल्याची भाजी, ठेचा, आणि वर जवसाची, कारळ्याची वा शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीवर घाण्याच्या तेलाची धार. मेदाचा बराचसा भाग येई तो या चटणींतून आणि त्या धारेंतून, आणि तो बहुतांशीं असंपृक्त. दिवसभर औत हाकणाऱ्या देहास भाकरीचें पिष्ट पचून जाई. आतां औताची जागा ट्रॅक्टरनें घेतली, भाकरीच्या जोडीस शिधापत्रिकेवरचा पांढरा तांदूळ आला, दिवसांतून चार वेळां साखरेचा चहा आणि त्यांत बुडविलेलें बिस्किट आलें. अशा घरांत कोलेस्टेरॉलच्या भयानें जेव्हां कांहीं वगळलें जातें तेव्हां तें बिस्किट नसतें. ती चटणी असते. नरसी नामदेवच्या या मुलखांत एकादशीचा उपवास मनोभावें पाळला जातो. परंतु साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच होय, आणि तेल कमी केलेली पण ताट भरून घेतलेली खिचडी म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी, हें घरोघरच्या आज्यांना शास्त्रज्ञांच्या आधींच ठाऊक होतें.

या जिल्ह्याच्या दोन पिकांचा कोलेस्टेरॉलच्या इतिहासाशीं प्रत्यक्ष संबंध आला आहे. पहिलें करडई. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत, हिवाळ्याच्या ओलाव्यावर येणारें हें कांटेरी पीक. परभणीच्या कृषि विद्यापीठानें त्याचे ‘परभणी कुसुम’सारखे वाण काढले. करडईच्या तेलांत संपृक्त मेद शेंकडा दहाच्या आसपास आणि लिनोलिक नांवाचें बहुअसंपृक्त मेदाम्ल शेंकडा सुमारें ७५. कीजच्या सूत्राप्रमाणें पाहिलें तर याहून उत्तम तेल नाहीं. १९६६ ते १९७३ या काळांत ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें, हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम दुखणें येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकीं निम्म्यांच्या आहारांत प्राणिज मेदाच्या जागीं करडईचें तेल आणि त्यापासून केलेलें कृत्रिम लोणी घातलें. कोलेस्टेरॉल सुमारें १३ टक्क्यांनीं उतरलें. परंतु त्या गटांत मृत्यु शेंकडा १७.६ झाले, आणि जुन्या आहारावर राहिलेल्या गटांत ११.८. या प्रयोगाची जुनी टिपणें शोधून काढून संपूर्ण हिशेब २०१३ सालीं मांडला गेला, तेव्हां जगभर वाद माजला.

दुसरें पीक सोयाबीन, ज्यानें आज या जिल्ह्याचा खरीप व्यापला आहे. १९५६ पासून नॉर्वेंत ऑस्लो येथें, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४१२ पुरुषांवर असाच प्रयोग झाला. तेथें सोयाबीनचें तेल दिलें होतें. कोलेस्टेरॉल उतरलें, आणि झटकेही कमी आले. एक आंकडा सारखाच उतरावा आणि फळ मात्र निरनिराळें मिळावें, हें कसें? सोयाबीनच्या तेलांत लिनोलिकबरोबर ओमेगा-३ जातीचें मेदाम्लही शेंकडा सातच्या आसपास असतें, करडईंत तें जवळजवळ नसतें. ऑस्लोच्या लोकांना मासे आणि भाज्याही अधिक खाण्यास सांगितलें होतें. आणि सिडनीच्या कृत्रिम लोण्यांत अपायकारक ट्रान्स मेद असावा असा कित्येक तज्ज्ञांचा तर्क आहे. दोन्ही प्रयोग लहान होते. करडईचें तेल विषारी ठरविण्यास सिडनी पुरेसें नाहीं, आणि त्यास अमृत ठरविण्यास नुसता कोलेस्टेरॉलचा आंकडाही पुरेसा नाहीं. आपल्या जुन्या फडताळांत करडईच्या तेलाशेजारीं जवसाची चटणी असे, आणि जवसाच्या तेलांत निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीचा असतो. ही सांगड कोणी हेतुपूर्वक घातली होती असें म्हणण्यास आधार नाहीं. पण ती चांगली होती. आज करडईचा कांटा काढणीस नको म्हणून, मजूर मिळत नाहींत म्हणून, हें पीक मागें पडलें आहे, आणि जवसाची पेर तर बांधापुरती उरली आहे. त्या जागीं बहुतेक घरांत दुकानांतील पिशवीचें तेल आलें.

पिशवींत काय आहे हें मात्र वाचून घेतलें पाहिजे. पामतेल सर्वांत स्वस्त. त्यांतील जवळजवळ निम्मा मेद संपृक्त. २०२२ च्या दिवाळींत राज्य सरकारनें शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतें. सणापुरतें ठीक, पण चार जिनसांपैकीं एकट्या चणाडाळीकडेच हृदयाचा वैद्य समाधानानें पाहील. १९३७ सालीं बाजारांत आलेल्या डालड्यानें घरोघर पोंचविलेलें वनस्पति तूप तर दुहेरी अपाय करी. तेल घट्ट करतांना त्यांत ट्रान्स मेद उत्पन्न होई, आणि हा मेद एल.डी.एल. वाढवून वर एच.डी.एल. कमी करतो, हें मेन्सिंक व काटान यांनीं १९९० सालीं दाखविलें. १ जानेवारी २०२२ पासून भारतांत अशा मेदांत व तेलांत ट्रान्स मेद दोन टक्क्यांहून अधिक ठेवण्यास बंदी आहे. परंतु भजीं तळणाऱ्या कढईंतील तेंच तेल पुन्हां पुन्हां तापविलें, तर तें बिघडतेंच. त्यास पिशवीवरचा छाप आवरूं शकत नाहीं.

प्रमाण सुटतां कामा नये, हेंही तितकेंच खरें. एक ग्रॅम मेदांत ९ कॅलरी, पिष्टांत ४. पांच माणसांच्या घरांत महिन्यास चार किलो तेल लागत असेल तर माणशीं रोज सुमारें २७ ग्रॅम पडतें, म्हणजे साधारण २४० कॅलरी. बैठें काम करणाऱ्यास एवढें पुरे आहे; त्याच घरांत आठ किलो लागत असेल तर कढई खालीं उतरविणें भाग आहे. परंतु चार किलोंचें दोन करून वाचलेल्या कॅलरी साखरेनें भरून काढण्यांत लाभ नाहीं. त्या जागीं डाळ, मटकी, चणे, मूठभर शेंगदाणे आले, तर गोष्ट निराळी. कडधान्यें, मेथ्या, फळें आणि भाज्या यांत विद्राव्य तंतु असतात. ते आंतड्यांत पित्ताम्लांस धरून बाहेर नेतात. मग नवीं पित्ताम्लें करण्यासाठीं यकृतास रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें, आणि तीं मघांचीं दारें पुन्हां वाढतात. एल.डी.एल. त्यानें कांहीं मिलिग्रॅमच उतरतें, पण एच.डी.एल.चा बळी न देतां उतरतें. ट्रायग्लिसराईड आणि एच.डी.एल. सुधारण्यास मात्र साखर कमी करणें, दारू सोडणें, पोटाचा घेर उतरविणें आणि रोज भरभर चालणें, याहून खात्रीचा दुसरा उपाय स्वयंपाकघरांत सांपडत नाहीं.

कांहीं माणसांपुढें आहाराचा सारा उपाय तोकडा पडतो. सुमारें तीनशें माणसांमागें एकास यकृतावरचीं तीं दारें जन्मतःच कमी किंवा सदोष मिळालेलीं असतात. अशा माणसाचें एल.डी.एल. पुष्कळदां १९० च्या वर असतें, आणि त्याच्या घरांत कोणीतरी पन्नाशीच्या आंतच हृदयविकारानें गेलेलें असतें. त्यानें तेल, तूप, अंडें सर्व सोडलें तरी आंकडा थोडाच हालतो; आणि ‘पथ्य चाललें आहे’ या समाधानांत वर्षें निघून जातात. जपानचे अकिरा एंडो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एका बुरशींत जो पदार्थ शोधिला, त्यांतून स्टॅटिन या औषधांची परंपरा निघाली. हीं औषधें यकृतांतील कोलेस्टेरॉलचें उत्पादन आंवरून तींच दारें वाढवितात. १९० च्या वरचा आंकडा पाहिला म्हणजे डॉक्टर पथ्याबरोबर हें औषध सुरू करतात, आणि त्या माणसाच्या भावंडांचें व मुलांचेंही रक्त तपासण्यास सांगतात.